बादलीतल्या पाण्यात डिटर्जंटचे रेणू काय करतात, आणि त्यावरून पावडर किती घालायची हे कसं ठरवायचं

पावडर दुप्पट घातली तरी कपडे दुप्पट स्वच्छ निघत नाहीत. उलट ते राखाडी, कडक, कधी ओशट निघतात आणि खंगाळायला तीनऐवजी पाच बादल्या पाणी लागतं. डिटर्जंटच्या रेणूंची पाण्यात वागण्याची एक ठराविक रीत असते. ती समजून घेतली की पावडर किती, पाणी केवढं गरम, सोडा कधी आणि पिळायचं किती वेळा हे अंदाजावर सोडावं लागत नाही. खाली ती रीत आणि प्रत्यक्ष कृती बरोबरच दिली आहे. एक साधा किचन वजनकाटा, एक मोजपात्र आणि सुई नसलेली १० मिलीची सिरिंज, मोजायला एवढंच साहित्य लागेल.

एक डोकं, एक शेपटी

डिटर्जंटचा रेणू साधारण २ नॅनोमीटर लांबीचा असतो. त्याच्या एका टोकाला विद्युतभार असलेलं डोकं असतं. ते मिठासारखं पाण्यात रमतं. मागे बारा-एक कार्बनची शेपटी असते, ती तेलाच्या जातीची. शेपटीला पाण्याचा तिटकारा असतो असं आपण म्हणतो, पण खरी अडचण पाण्याची आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. मध्ये शेपटी शिरली की त्यांना तिच्याभोवती अवघडून, शिस्तीत उभं राहावं लागतं. ही अवघडलेली मांडणी टाळण्यासाठी पाणी शेपटीला जिथे बाहेर ढकलता येईल तिथे ढकलतं. पुढचं सगळं यातूनच घडतं.

पहिली बाहेरची जागा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. डोकं पाण्यात, शेपटी हवेत. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर स्वच्छ ताटात पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरवा आणि दातकोरणीच्या टोकाला भांड्यांच्या लिक्विडचा कणभर थेंब लावून मध्यभागी टेकवा. मिरपूड सपकन कडेला पळते. आता पुन्हा टेकवा. या वेळी काहीच होत नाही, आणि हाच भाग महत्त्वाचा आहे. २८ सेंमी व्यासाच्या ताटाचा पृष्ठभाग रेणूंनी एकदा पूर्ण झाकायला फक्त ०.०६ मिलिग्रॅम सक्रिय द्रव्य, म्हणजे हे डोकं-शेपटीचे रेणू, पुरतं. दातकोरणीवर त्याहून जास्तच असतं. पृष्ठभाग पहिल्याच फटक्यात भरला, आता नव्या रेणूला तिथे जागा नाही. (ताटाला आधीच तेलाचा किंवा साबणाचा अंश असेल तर मिरपूड पहिल्यांदाही हलत नाही. ताट गरम पाण्याने नीट धुवून घ्या.)

पृष्ठभाग असा भरला की पाण्याचा पृष्ठीय ताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरवरून निम्म्याच्या आसपास येतो. म्हणून पाणी धाग्यांच्या फटीत शिरतं. नुसत्या पाण्याचा थेंब नव्या कापडावर मोत्यासारखा बसून राहतो, डिटर्जंटचं पाणी लगेच पसरतं. पृष्ठभागावरच्या रेणूंचा अभ्यास जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात, पत्र्याच्या पसरट भांड्यात केला होता. तो १८९१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. हे शास्त्र मोरीत आणि ओट्यावरच जन्मलं असं म्हणायला हरकत नाही.

जागा संपली की गोळे

पृष्ठभाग भरल्यावर रेणू पाण्यात एकेकटे फिरू लागतात. पण एकेकट्यांचीही एक मर्यादा असते. ती ओलांडली की जास्तीचे रेणू एकत्र येऊन गोळा बांधतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. या गोळ्याला मायसेल म्हणतात. शाम्पू-टूथपेस्टमध्ये असणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटच्या एका मायसेलमध्ये साधारण ६० रेणू असतात आणि गोळ्याचा व्यास ४ ते ५ नॅनोमीटर भरतो. गोळा कायमचा नसतो. रेणू सतत आत-बाहेर करत असतात.

ब्रिस्टल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ जेम्स विल्यम मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास ही कल्पना मांडली. साबणाच्या द्रावणात कणांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी भासते, तरी वीज मात्र चांगली वाहते, याचा उलगडा रेणूंचे भारित पुंजके मानल्यावरच होत होता. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. पाषाण रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला झालं.

गोळे बांधायला सुरुवात होते त्या संहतीला आपण इथे 'गोळा-मर्यादा' म्हणू. सोडियम लॉरिल सल्फेटसाठी शुद्ध पाण्यात ती लिटरला सुमारे २.३ ग्रॅम आहे. त्याच पाण्यात लिटरला ६ ग्रॅम मीठ घातलं तर ती अर्ध्या ग्रॅमच्याही खाली येते, कारण डोक्यांवरचे सारखे भार एकमेकांना दूर ढकलत असतात आणि मीठ ती ढकलाढकली कमी करतं. कपड्यांच्या पावडरीतलं मुख्य सक्रिय द्रव्य (बाजारात ॲसिड स्लरी म्हणून विकल्या जाणाऱ्या कच्च्या मालापासून बनणारं) शुद्ध पाण्यात लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास गोळे बांधू लागतं. पावडरीतला सोडा आणि इतर क्षार ही मर्यादा आणखी खाली आणतात.

गोळा-मर्यादेनंतर घातलेल्या पावडरीने पृष्ठीय ताण आणखी उतरत नाही. पाणी कापडात जास्त शिरत नाही. जास्तीचे रेणू फक्त गोळे वाढवतात. गोळ्यांचं काम तेल पोटात घेणं हे आहे. तेव्हा कपडे तेलकट-मेणचट असतील तर मर्यादेच्या थोडं वर जाण्यात अर्थ आहे. घामट बनियन आणि धुळकट चादरींसाठी नाही.

आधी पाणी ओळखा

शाळेच्या पुस्तकात 'दुष्फेन' आणि 'सुफेन' हे शब्द आहेत. ज्या पाण्यात फेस मोठ्या कष्टाने होतो ते दुष्फेन. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००:२०१२) कठीणपणाची (म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमची, खडूच्या अर्थात कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात मोजलेली) स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे.

कॅल्शियमच्या एका आयनाला साबणाचे दोन रेणू चिकटतात आणि तिघं मिळून पाण्यात न विरघळणारा चिकट साका होतो. बादलीच्या काठावर बसणारं पांढरट-करडं कडं म्हणजे हाच. हिशेब करून पाहा. १ ग्रॅम कठीणपणा जवळजवळ ६ ग्रॅम साबण खातो. ३०० मिलिग्रॅमच्या पाण्याची १५ लिटरची बादली घेतली तर त्यात ४.५ ग्रॅम कठीणपणा असतो, म्हणजे एक कपडा धुवायच्या आधीच २७ ग्रॅम निखळ साबण वाया. डिटर्जंटचे रेणू कॅल्शियमला इतके बळी पडत नाहीत, पण पूर्ण सुटतही नाहीत. म्हणून पावडरीत सोडा किंवा झिओलाइट घालतात. कॅल्शियम आधी त्यांच्या वाट्याला जावं आणि रेणू मोकळे राहावेत हा त्यामागचा हेतू.

घरच्या घरी कठीणपणा मोजता येतो. ही थॉमस क्लार्क यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या साबण-चाचणीचीच सोपी आवृत्ती आहे.

१. वेष्टनावर टीएफएम (साबणातल्या एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण) ७० ते ७६ टक्के लिहिलेला अंघोळीचा साबण घ्या. टीएफएम नसलेली वडी चालणार नाही, कारण त्यात डिटर्जंट मिसळलेलं असू शकतं. साबण किसा, ५ ग्रॅम किस कोमट डिस्टिल्ड पाण्यात (बॅटरीवाल्याकडे मिळतं) विरघळवून ५०० मिली करा.

२. झाकणाच्या पारदर्शक बाटलीत तुमचं ५० मिली पाणी घ्या. सिरिंजने १ मिली साबणपाणी घाला, झाकण लावून १० सेकंद जोरात हलवा, आडवी ठेवा.

३. फेस लगेच बसला तर आणखी १ मिली. असं करत राहा. फेसाचा अखंड थर २ मिनिटं टिकला की थांबा आणि किती मिली लागलं ते लिहा.

४. हेच डिस्टिल्ड पाण्यावर करा. तो आकडा वजा करा. उरलेला प्रत्येक मिली म्हणजे लिटरला साधारण २५ ते २८ मिलिग्रॅम कठीणपणा.

मधूनच फेस टिकल्यासारखा वाटतो आणि पुढच्या मिलीला पुन्हा मोडतो. तो मॅग्नेशियमचा खेळ असतो, फसू नका, आणखी २-३ मिली घालून खात्री करा. साबणपाणी थंडीत दह्यासारखं गोठलं तर बाटली कोमट पाण्यात धरा. लांब शेपटीचा साबण ठराविक तापमानाखाली विरघळतच नाही. थंड पाण्यात साबणाने धुतलेल्या कपड्यावर बुळबुळीत थर राहतो तोही यामुळेच.

सोडा किती

धुण्याच्या सोड्याचा प्रत्येक ग्रॅम जवळजवळ तेवढाच कठीणपणा खडूच्या रूपात खाली बसवतो. हिशेबाने १० लिटर पाण्याला, कठीणपणा ३०० असेल तर, ३.२ ग्रॅम कोरडा पांढरा सोडा लागतो. व्यवहारात दीडपट घ्या, म्हणजे ५ ग्रॅम, सपाट चहाचा चमचा. पारदर्शक खड्यांचा सोडा असेल तर त्यात पाण्याचंच वजन निम्म्याहून जास्त असतं, तो अडीच ते तीनपट लागेल. सोडा आधी घाला, ढवळा, १० मिनिटं थांबा आणि मगच साबण घाला. क्रम उलटला तर कॅल्शियम साबणाला आधी गाठतं.

हे साबणवडीसाठी. पावडरीत सोडा आधीच भरपूर असतो, वर आणखी घातला तर हात फुटतात आणि रंग उतरतात. रेशीम आणि लोकरीला सोडा अजिबात नको.

फुलवातीची चाचणी: तुमच्या पावडरीचा डोस

पाकिटावरचा डोस सरासरी पाण्यासाठी असतो. तुमच्या नळाचा किंवा बोअरचा डोस असा काढा.

एकाच पुड्यातल्या, सारख्या आकाराच्या कच्च्या कापसाच्या फुलवाती घ्या. एक साध्या पाण्यावर सोडा. ती दोन मिनिटं तरी तरंगली पाहिजे. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. लगेच बुडाली तर तो मेण काढलेला, दवाखान्यात वापरतात तसला कापूस आहे. तो इथे कामाचा नाही.

आता १० ग्रॅम पावडर १ लिटर तुमच्याच पाण्यात पूर्ण विरघळवा. सहा ग्लास मांडा. त्यांत हे द्रावण अनुक्रमे १०, २०, ४०, ६०, १०० आणि १६० मिली घाला आणि साध्या पाण्याने प्रत्येक ग्लास २०० मिली करा. झाल्या लिटरला ०.५, १, २, ३, ५ आणि ८ ग्रॅम अशा सहा पायऱ्या. हळू ढवळा, १० मिनिटं राहू द्या, वरचा फेस चमच्याने काढून टाका. प्रत्येकात एक फुलवात अलगद सोडा आणि ती पूर्ण बुडायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. प्रत्येक पायरी तीनदा करा, मधला आकडा धरा.

बारकाईने पाहिलंत तर बुडणं कसं होतं तेही दिसतं. आधी फुलवातीच्या बुडाशी कापूस पांढऱ्याचा राखी, पारदर्शक होतो. मग ती ओल शेंड्याकडे चढते, मधे अडकलेली हवा बारीक बुडबुड्यांनी सुटते आणि फुलवात कलंडून खाली जाते. तुमच्या शर्टाच्या धाग्यात पाणी शिरतं ते असंच.

आकडे कागदावर मांडले की सुरुवातीला वेळ झपाट्याने उतरतो आणि एका पायरीनंतर जवळजवळ स्थिर होतो. ते वळण म्हणजे तुमच्या पाण्यातली, तुमच्या पावडरीची पुरेशी मात्रा. रोजच्या कपड्यांना वळणाइतकी, स्वयंपाकघरातल्या फडक्यांना आणि कामाच्या कळकट कपड्यांना दीडपट. ही चाचणी कापड भिजणं मोजते, तेल सुटणं नाही, म्हणून तेलकट कपड्यांना ती दीडपट मोजावीच लागते. एकदा डिस्टिल्ड पाण्यातही करून पाहा. दोन वळणांमधलं अंतर म्हणजे तुमचं पाणी दर लिटरमागे खात असलेली पावडर.

मिळालेली मात्रा वजनाने मोजा. पावडर कोणती आणि किती भुसभुशीत आहे त्यावर एका चमच्याचं वजन दीडपटीपर्यंत बदलतं. एकदा काट्यावर मोजून डब्यातल्या चमच्याला खूण करून ठेवली की पुन्हा काटा लागत नाही.

प्रत्यक्ष धुणं

समजा साधारण २ किलो कोरडे कपडे, १५ लिटरची बादली, चाचणीत वळण ३ ग्रॅमला आलं. पावडर ४५ ग्रॅम. ती कपड्यांवर भुरभुरवू नका. मगभर गरम पाण्यात आधी विरघळवा, बादलीत ओता, मग कपडे. न विरघळलेल्या कणाभोवती सोडा एकाच जागी तीव्र होतो आणि गडद कपड्यांवर फिके ठिपके पडतात.

पाणी ४० अंशांचं असेल तर उत्तम. उकळतं १ भाग आणि २० अंशांचं ३ भाग मिसळलं की बरोबर ४० होतं. एवढ्यासाठी गीझर हवाच असं नाही, पण थंडीत हे टाळू नका. खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली गोठतं, तूप-वनस्पतीला त्याहूनही जास्त ऊब लागते. डिसेंबरच्या गार पाण्यात उशीच्या अभ्र्यावरचं तेल घट्ट राहतं आणि घट्ट तेलाभोवती रेणू नुसते घिरट्या घालतात. रक्त, दूध, अंडं यांचे डाग मात्र आधी गारच पाण्यात. उष्णतेने प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजतात आणि धाग्यात पक्की होतात.

भिजवणं २० ते ३० मिनिटं. या वेळात कॉलरवर काय चालतं ते पाहा. तेलाचा पातळ थर धाग्याला पसरून चिकटलेला आहे. रेणू कडेने आत सरकतात, शेपटी तेलात आणि डोकं पाण्यात अशी रांग लावतात. दुसरी रांग धाग्यावर बसते. कडेने पाणी तेलाखाली शिरू लागतं, थर आक्रसतो, त्याची उंची वाढते आणि शेवटी तो गोल थेंब होऊन धाग्यावर जेमतेम टेकून उभा राहतो. इथे हाताचं काम येतं. चुबकलं, चोळलं, दाबलं की थेंब निसटतो. त्याच्याभोवती सगळीकडे डोकी बाहेर असल्याने थेंबावर ऋणभार येतो. कापडालाही पाण्यात ऋणभारच असतो, म्हणून थेंब परत चिकटायला बिचकतो. रगडणं हे रेणूंचं काम पूर्ण करण्यासाठी आहे. भिजवण्याआधीच ब्रश मारला तर कापडच झिजतं.

रात्रभर भिजत घालण्याची सवय मोडलेली बरी. तीन-चार तासांनंतर सुटलेला मळ पुन्हा बसू लागतो, रंग एकमेकांना लागतात आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी वासायलाही लागतं.

हळदीच्या डागाबद्दल वेगळं सांगायला हवं. आमटी सांडली, साबण लावला आणि डाग रक्तासारखा लाल झाला की माणूस घाबरतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी पाण्यात लाल होतं एवढंच. लिंबू किंवा व्हिनेगरने ते पुन्हा पिवळं होतं. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, ते फोडणीच्या तेलात बसलेलं असतं. म्हणून कापड कोरडं असतानाच डागावर भांड्यांचं लिक्विड न मिसळता लावा, बोटाने चोळा, ५ मिनिटांनी कोमट पाण्याने काढा. तेल गेलं की रंगाचा मोठा भाग जातो. उरलेला कडक उन्हात फिका पडतो, कारण कर्क्युमिन उजेडात मोडतं. ओल्या कपड्यावर लिक्विड लावलं तर रेणू पाण्यात पसरतात आणि डागाच्या वाट्याला थोडेच येतात.

खंगाळण्यापेक्षा पिळणं

इथे सगळ्यात जास्त पाणी वाया जातं, म्हणून हिशेब मांडतो. हाताने नीट पिळलेल्या त्या २ किलो कपड्यांत २ लिटर पाणी राहिलं आणि नुसते उचलले तर ५ लिटर राहिलं असं धरा. खंगाळायला दर वेळी १५ लिटर.

न पिळता: ५ भागिले २०, म्हणजे दर वेळी चौथा हिस्सा उरतो. तीन बादल्यांनंतर १.६ टक्के.

पिळून: २ भागिले १७. दोन बादल्यांनंतर १.४ टक्के.

पिळून दोन बादल्या या न पिळता तीन बादल्यांपेक्षा सरस ठरतात. आणि ३० लिटर एकदम घेऊन एकदाच खंगाळलं तर ६ टक्के उरतं. तेवढंच पाणी दोनदा वाटून वापरलं की १.४.

मळक्या फेसपाण्यातून कपडे उचलताना पिळणं तर सर्वांत मोलाचं. त्या पाण्यात तेल गोळ्यांच्या पोटात असतं. न पिळता थेट गार, दुष्फेन पाण्यात टाकलं की संहती गोळा-मर्यादेखाली जाते, गोळे मोडतात आणि पोटातलं तेल मोकळं होऊन जवळच्या कापडावरच बसतं. पांढरे कपडे हळूहळू राखाडी होण्यामागे पावडर कमी पडण्यापेक्षा हेच कारण जास्त वेळा असतं. शक्य असेल तर पहिली खंगाळणी कोमट पाण्यात करा.

राखाडी, कडक झालेल्या सुती कपड्यांवर खडू आणि साबणाचा साका बसलेला असतो. ५ लिटर कोमट पाण्यात १०० मिली पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा. एवढं व्हिनेगर साधारण ४ ग्रॅम खडू विरघळवतं. मग डिटर्जंटने एकदा धुवा, कारण साक्यातून सुटलेली चरबी कापडावरच असते. ब्लीचिंगच्या द्रवात किंवा पावडरीत व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फेस, कंडिशनर, रिठा

फेस म्हणजे हवेच्या बुडबुड्यांवर बसलेले रेणू. ते कपड्यावर काम करत नसतात. फेसाचा उपयोग निदानापुरता आहे. भिजवताना तो लवकर मेला तर तेल किंवा कठीणपणा जास्त आहे असं समजा. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये जादा फेस कपड्यांच्या आपटण्याला गादीसारखा अडवतो, म्हणून तिथे कमी फेसाचीच पावडर घाला.

कंडिशनरचे रेणू धनभाराचे असतात, पावडरीचे ऋणभाराचे. एकत्र घातले की जोड्या जमून चिकट पांढरे गोळे होतात आणि दोन्ही पैसे वाया जातात. कंडिशनर शेवटच्या स्वच्छ पाण्यातच.

रेशमी साडीसाठी रिठ्यासारखं दुसरं काही नाही, असं ठामपणे सांगता येतं. रिठ्यातल्या सॅपोनिन या फेसाळ द्रव्याच्या रेणूचं डोकं साखरेचं असतं. त्यामुळे कॅल्शियम त्याचा साका करत नाही आणि सोड्याची झळही रेशमाला लागत नाही. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात तेही या मऊपणामुळे. ८-१० रिठ्यांच्या बिया काढून सालं १ लिटर कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, कुस्करा, फडक्याने गाळा. दोन दिवसांत संपवा, पुढे आंबतं. डोळ्यांत जाऊ देऊ नका. आणि जरीच्या साडीचा रंग आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर तपासा.

घरी लिक्विड बनवणाऱ्यांसाठी

अनेक बचत गट भांड्यांचं लिक्विड बनवतात आणि ते घट्ट व्हावं म्हणून मीठ घालतात. मीठ डोक्यांवरचे भार झाकतं, डोकी जवळ येतात, गोल गोळ्यांचे लांब धागे होतात आणि ते शेवयांसारखे गुंततात. म्हणून द्रव घट्ट होतो. पण एका टोकानंतर आणखी मिठाने धागे फाटे फोडतात, गुंता सैल होतो आणि द्रव पुन्हा पाण्यासारखा पातळ, गढूळ होतो. इथे 'अजून घट्ट हवं' म्हणून पुन्हा मीठ घातलं की अख्खा घाणा वाया जातो.

७० टक्के एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, लिक्विडमधलं सक्रिय द्रव्य) पेस्ट १५ ग्रॅम आणि पाणी ८५ ग्रॅम असा १०० ग्रॅमचा नमुना घ्या. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवून घाला, प्रत्येक वेळी अर्धा ग्रॅम मीठ जाईल इतकं. हवा न कोंडता ढवळा, १० मिनिटं थांबा, चमच्यावरून धार पाहा, लिहा. जिथे धार सर्वांत जाड, त्याच्या एक पायरी आधी थांबा, कारण रंग आणि सुगंधही घट्टपणा हलवतात. मीठ जास्त झालंच तर बिनमिठाचं पेस्ट-पाण्याचं तेवढ्याच ताकदीचं द्रावण मिसळून मिठाचं प्रमाण खाली आणा. त्याला दुसरा उपाय नाही. बोअरचं पाणी इथे वापरू नका. त्याची कॅल्शियम-मॅग्नेशियमची भर दर खेपेला वेगळी असते आणि कालचं मिठाचं प्रमाण आज लागू पडत नाही.

धुण्याचं पाणी कुठे टाकायचं

पहिलं फेसपाणी संडासात किंवा गटारात जाऊ द्या, झाडांना नको. त्यातलं सोडियम काळ्या मातीच्या बारीक कणांना सुटं करतं, माती चिखलासारखी बसते आणि पाणी मुरेनासं होतं. दुसऱ्या खंगाळणीचं पाणी फरशी आणि मोरीला चालतं. पिळून केलेल्या तिसऱ्या खंगाळणीत पावडरीचा अंश ०.२ टक्क्याहूनही कमी उरतो. ते कुंड्यांना अधूनमधून द्यायला हरकत नाही, पण त्याच कुंडीला रोज नको, आणि पावसाळ्याआधी एकदा भरपूर साध्या पाण्याने ती माती धुवून काढा. तळ्यात, ओढ्यात किंवा मासे असलेल्या टाकीत मात्र डिटर्जंटचं आणि रिठ्याचं, दोन्हीचं पाणी जाता कामा नये. माशाच्या कल्ल्यांवरचा पातळ पडदा हे रेणू तेलाच्या थरासारखाच उचकटतात.